चावणारी मुंगी, न चावणारी मुंगी

आंबागडचा किल्ला भंडारा जिल्ह्याच्या तुमसर तालुक्यात आहे. देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद याच्या काळात, १७०० च्या सुमारास, राजाखान पठाण याने तो उभारला. पुढे तो नागपूरकर भोसल्यांकडे गेला आणि त्यांनी त्याचा तुरुंगासारखा उपयोग केला. आतल्या विहिरीचे विषारी पाणी कैद्यांना पाजत, अशी दंतकथा या किल्ल्याबद्दल सांगितली जाते. या लेखाला मात्र किल्ल्याच्या पायथ्याची, घरामागची वाडी पुरेशी आहे. विषाचा विषय तिथेही निघणार आहेच.

अशा वाडीत काय असते? एखादे लिंबाचे झाड, दोन-चार पपया, वांगी-मिरचीचे वाफे, मांडवावर चढवलेला वाल किंवा दोडका आणि देवाच्या फुलांसाठी जास्वंद. पावसाळा सरून ऊन तापू लागले की जास्वंदीच्या कोवळ्या शेंड्यांवर कापूस चिकटल्यासारखे पांढरे पुंजके दिसतात. पाने आखडतात, कळ्या गळतात. फांदीवरून काळ्या मुंग्यांची रांग वरखाली चाललेली असते. त्या कोणाला काही करत नाहीत. खाली वाफ्यात खुरपे घेऊन बसावे तर मातीतून बारीक तांबड्या मुंग्या निघतात आणि घोट्याला अशा डसतात की खुरपे टाकून उठावे लागते. मग घरातले कोणीतरी दुकानातून पावडरीची पुडी आणते आणि ती तांबड्या मुंग्यांच्या बिळांवर भुरभुरवली जाते. काळ्या मुंग्यांना सोडून देतात, कारण त्या ‘गरीब’. पांढऱ्या कापसाचा आणि मुंग्यांचा काही संबंध असेल असे सहसा कोणाच्या मनात येत नाही.

चावते ती मुंगी वाईट आणि चावत नाही ती चांगली, ही विभागणी आपल्या सोयीची आहे. बागेतल्या झाडांच्या सोयीची ती नाही. हे ज्ञान माणसाकडे कधी होते, ते मध्येच कसे हरवले आणि परत कसे मिळाले, याचा इतिहास मोठा मनोरंजक आहे.

आधी त्या तांबड्या मुंगीची ओळख करून घेऊ. आपल्या परसबागांत सर्रास आढळणाऱ्या, डंख मारणाऱ्या बारीक तांबड्या मुंगीचे शास्त्रीय नाव सोलेनॉप्सिस जेमिनाटा. एकाच वारुळात हिच्या लहानमोठ्या आकाराच्या कामकरी मुंग्या असतात; मोठ्यांचे डोके अंगाच्या मानाने बरेच मोठे आणि वरून मधोमध खाच असलेले दिसते. धान्याचे दाणे फोडण्यासाठी या जबड्यांचा उपयोग होतो. (‘वारूळ’ हा शब्द मी मुंग्यांसाठी वापरला खरा, पण रानात जी उंच मातीची वारुळे दिसतात ती वाळवीची असतात. वर्गात हे एकदा सांगून टाकावे.)

ही मुंगी मूळची आपली नाही. ती अमेरिका खंडातली. फाब्रिसियस या शास्त्रज्ञाने १८०४ साली मध्य अमेरिकेतल्या नमुन्यांवरून तिचे वर्णन केले. जगभरातल्या नमुन्यांचे जनुकीय धागेदोरे तपासून २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनाचा निष्कर्ष असा की, सोळाव्या शतकात मेक्सिकोच्या आकापुल्को बंदरातून फिलिपीन्सच्या मनिला बंदराकडे जी स्पॅनिश गलबते चांदी घेऊन जात, त्यांतून ही मुंगी प्रथम आशियात पोहोचली आणि तिथून व्यापाराच्या वाटांनी पसरली. गलबतात तोल राखण्यासाठी माती-दगड भरत. मुंग्यांच्या प्रवासाला तेवढे वाहन पुरे. मिरची, पपई, पेरू, रताळे हीसुद्धा त्याच खंडातून आलेली मंडळी. म्हणजे वाडीतल्या मिरचीच्या वाफ्यात आपल्याला डसणारी मुंगी आणि ती मिरची एकाच मुलुखाच्या! भारतात ही मुंगी १९ व्या शतकाच्या मध्याला नक्की होती. मद्रास लष्करातले डॉक्टर आणि निसर्ग-अभ्यासक टी. सी. जर्डन यांनी १८५१ साली दक्षिण भारतातल्या मुंग्यांची जी यादी छापली, तिच्यातली ‘रूफा’ नावाची तांबडी मुंगी ती हीच, असे पुढच्या अभ्यासकांनी ठरवले.

आता तिच्या डंखाविषयी, कारण इथे शाळेच्या पुस्तकांशी थोडा वाद घालायचा आहे. मुंगी चावली की ती फॉर्मिक आम्ल सोडते, म्हणून त्या जागी खाण्याचा सोडा चोळावा, असे उदासिनीकरणाच्या धड्यात आपण शिकवतो. फॉर्मिक आम्लाला त्याचे नाव मुंग्यांवरूनच मिळाले, हे खरे. जॉन रे या इंग्रज निसर्गशास्त्रज्ञाने १६७१ साली मुंग्यांपासून मिळणाऱ्या आम्लाविषयी लिहिले होते. पण सगळ्या मुंग्या हे आम्ल बनवत नाहीत. मोठा काळा मुंगळा किंवा आंब्याची पाने शिवून घरटे करणारी तांबडी मुंगी यांना नांगीच नसते. त्या जबड्याने चावा घेतात आणि पोटाच्या टोकातून जखमेवर आम्लाचा फवारा मारतात. सोलेनॉप्सिसची तऱ्हा निराळी. ती जबड्याने कातडी घट्ट धरते, पोट वाकवते आणि टोकाची नांगी आत खुपसते. पहिल्या जागी पकड तशीच ठेवून, गोल फिरत दोनतीनदाही खुपसते. तिच्या विषाचा फार मोठा भाग अल्कलॉइड प्रकारच्या तेलकट पदार्थांचा असतो. त्यांच्या रेणूत पायपेरिडीन नावाची कडी असते. काळ्या मिरीचा तिखटपणा ज्या पायपेरिनमुळे येतो त्याच्यातही हीच कडी आहे, आणि सॉक्रेटिसला दिलेल्या हेमलॉकच्या विषातही हीच. रसायनशास्त्राच्या शिक्षकांना धडा रंगवायला याहून चांगले त्रिकूट मिळणार नाही. अल्कलॉइडे आम्ल नसतात, तेव्हा सोड्याने त्यांचे उदासिनीकरण होण्याचा प्रश्नच नाही. साबण-पाण्याने जागा धुवावी, गार पाण्याची पट्टी ठेवावी आणि खाजवू नये, एवढेच करण्यासारखे असते. विषात थोडी प्रथिनेही असतात आणि क्वचित एखाद्याला त्यांची तीव्र ॲलर्जी येते. अंगभर गांधी उठल्या, ओठ सुजले, श्वास लागला तर घरगुती उपाय करत बसू नये; तडक दवाखाना गाठावा.

पावडरीपूर्वी लोक काय करत होते? घरात जाळीच्या कपाटाचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवत, दुधाचे पातेले परातीतल्या पाण्यात ठेवत. वाफ्यांवर चुलीतली राख टाकत. कोरडी बारीक राख किड्यांच्या अंगावरचे मेणाचे पातळ आवरण खराब करते, आणि हे आवरण गेले की किडा सुकतो. दुसरीकडे, मुंग्यांना साखर किंवा पीठ घालणे हे पुण्याचे काम मानले जाई, अजूनही मानले जाते. हे सारे मुंगीला दूर ठेवण्याचे उपाय होते. मुंगी मुळापासून संपवावी ही कल्पना त्यांत नव्हती.

मुंगी कामाला लावण्याची कल्पना मात्र फार जुनी आहे. चीनमध्ये जी हान याच्या नावावर असलेल्या, इ. स. ३०४ च्या सुमाराच्या मानल्या जाणाऱ्या वनस्पतिग्रंथात असे वर्णन येते की, दक्षिणेकडचे लोक संत्र्याच्या जातीच्या झाडांसाठी बाजारातून मुंग्यांची घरटी विकत आणतात आणि ज्या झाडांवर या मुंग्या नसतात त्यांची फळे किडतात. या मुंग्या म्हणजे पाने शिवणाऱ्या तांबड्या मुंग्या. पुढच्या काळात चिनी बागाइतदार एका झाडावरून दुसऱ्या झाडावर त्यांना जाता यावे म्हणून बांबूच्या पट्ट्यांचे पूल बांधत. कीटकाकडून कीटकाचा बंदोबस्त करण्याची ही जगातली सर्वांत जुनी नोंद समजली जाते. त्याच जातीची मुंगी आपल्याकडे गोव्यात ‘हुमलो’ म्हणून कुप्रसिद्ध आहे, आणि बस्तरमध्ये तिची व तिच्या अंड्यांची ‘चापडा’ नावाची आंबट चटणी होते. आंबे उतरवणारा माणूस तिला शिव्या घालतो. तिचा चावा जबर, आणि तरी झाडाच्या दृष्टीने ती बरीचशी राखणदार. बरीचशी म्हणायचे कारण असे की, तीही काही खवले-किडींना सांभाळते. मुंग्यांच्या बाबतीत निखळ मित्र आणि निखळ शत्रू फारसे सापडत नाहीत.

आपल्याकडे मुंग्यांचा शास्त्रीय अभ्यास सुरू झाला तो मुंबईत १८८३ साली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन झाल्यावर. मुंबई इलाख्याच्या वनखात्यातले एक अधिकारी, आर. सी. रॉटन, मुंग्या गोळा करून स्वित्झर्लंडमधल्या ऑग्युस्त फोरेल यांच्याकडे ओळख पटवण्यासाठी पाठवत. फोरेल धंद्याने मानसोपचारतज्ज्ञ आणि छंदाने मुंगीशास्त्रज्ञ. १८९२ साली रॉटन यांनी सोसायटीच्या नियतकालिकात ‘आपल्या मुंग्या’ अशा अर्थाच्या शीर्षकाचा लांबलचक लेख लिहिला. १९०३ साली बिंगहॅम यांचा भारतातल्या मुंग्यांवरचा जाडजूड ग्रंथ आला. म्हणजे विसाव्या शतकाच्या आरंभी कोणती मुंगी कुठे राहते, काय खाते, कोणत्या किड्यांची ‘गाय’ करून दूध काढते, हे पुष्कळसे ठाऊक झाले होते.

शेतीच्या बाजूने हे ज्ञान वापरणारे म्हणजे बिहारमधल्या पुसा येथील संस्थेत सरकारी कीटकशास्त्रज्ञ असलेले हॅरॉल्ड मॅक्सवेल-लेफ्रॉय. त्यांचे भारतीय पिकांच्या किडींवरचे पुस्तक १९०६ साली प्रसिद्ध झाले. त्या काळी साबण आणि रॉकेल यांचे पाण्यातले दुधट मिश्रण हे कीटकनाशकांतले मोठे हत्यार होते. किडीचा जीवनक्रम आधी समजून घ्यायचा आणि तिच्या दुबळ्या वेळी तिला गाठायचे, यावर भर असे. तो सद्गुण होता की निव्वळ नाइलाज? माझ्या मते बराचसा नाइलाज. प्रभावी विष हाताशी नव्हते म्हणून निरीक्षण करावे लागे. हेच लेफ्रॉय पुढे लंडनला प्राध्यापक झाले आणि १९२५ साली कीटक मारणाऱ्या एका वायूचे प्रयोग करताना प्रयोगशाळेतच विषबाधा होऊन वारले.

मग दुसरे महायुद्ध आले, आणि त्याच्याबरोबर डी.डी.टी. आणि बी.एच.सी. आपल्या घराघरांत जी पावडर ‘गॅमेक्सीन’ या नावाने पोहोचली ती बी.एच.सी. हे रसायन मायकेल फॅरडे यांनी १८२५ सालीच तयार केले होते: बेंझीन आणि क्लोरीन एकत्र करून ते उन्हात ठेवले की झाले. शंभराहून अधिक वर्षे त्याचा कोणालाही काही उपयोग सुचला नाही. १९४० नंतरच्या दोनचार वर्षांत ते किडे मारते असे लक्षात आले. या रसायनाचे अनेक समघटक आहेत. अणू तेच, पण त्यांची अवकाशातली मांडणी वेगळी. त्यांतला ‘गॅमा’ तेवढा किड्यांना मारतो, म्हणून ते नाव. कारखान्यातून निघणाऱ्या कच्च्या मालात हा गॅमा जेमतेम दहा-पंधरा टक्के असे. उरलेला बहुतेक माल कामाचा नव्हता, पण तोही मातीत आणि प्राण्यांच्या चरबीत साठून राहत होता, विशेषतः ‘बीटा’ समघटक. भारतात बी.एच.सी.चे उत्पादन १९५२ साली कलकत्त्याजवळ रिश्रा इथे सुरू झाले. स्वस्त, कोरडी, वापरायला सोपी पावडर. तिने शेताबरोबर घरही जिंकले. ढेकणांना गॅमेक्सीन, झुरळांना गॅमेक्सीन, मुंग्यांना गॅमेक्सीन.

माझ्या मते खरे नुकसान इथे झाले, आणि ते फक्त विषारीपणाचे नव्हते. सगळ्या मुंग्यांना एकच औषध मिळाले, तसे त्यांना वेगवेगळी नावे असण्याचे कारण उरले नाही. रॉटन यांच्या ‘आपल्या मुंग्या’ पन्नास-साठ वर्षांत नुसत्या ‘मुंग्या’ झाल्या.

याच सुमारास अमेरिकेत डंख मारणाऱ्या मुंगीविरुद्ध एक युद्धच पुकारले गेले. तिथे दक्षिण अमेरिकेतून आलेली सोलेनॉप्सिस इन्व्हिक्टा ही आपल्या मुंगीची जास्त उग्र बहीण पसरत होती. १९५७ साली तिला समूळ नष्ट करण्यासाठी सरकारी पैसा मंजूर झाला आणि विमानांतून लाखो एकरांवर हेप्टाक्लोर आणि डिल्ड्रिन यांचे दाणे टाकले गेले. पक्षी मेले, रानटी प्राणी मेले, गुरे दगावली. रेचल कार्सन यांनी १९६२ च्या ‘सायलेंट स्प्रिंग’मध्ये या मोहिमेवर कडाडून टीका केली. नंतर मायरेक्स नावाचे दुसरे विष आले. तेही १९७० च्या दशकाच्या अखेरीस बंद करावे लागले. एवढे होऊन ती मुंगी आधीपेक्षा जास्त मुलुखात पसरली. कारण समजायला अवघड नाही. विषाने तिथल्या मूळच्या मुंग्याही मेल्या, जमीन रिकामी झाली, आणि रिकाम्या जमिनीवर उडत येऊन नवे वारूळ थाटण्यात हिचा हात कोणी धरणारे नव्हते. विख्यात मुंगीशास्त्रज्ञ ई. ओ. विल्सन यांनी या मोहिमेला कीटकशास्त्राचे व्हिएतनाम म्हटले.

आपल्याकडे जाग आली ती अपघातांनी. १९५८ साली केरळात पॅराथिऑन सांडून दूषित झालेले अन्न खाऊन शंभराहून अधिक माणसे दगावली. त्यानंतरच्या चौकशीतून १९६८ चा कीटकनाशक कायदा आला. १ एप्रिल १९९७ पासून बी.एच.सी.वर भारतात बंदी आहे. नुसता शुद्ध गॅमा, म्हणजे लिंडेन, त्याचा वापरही २०१३ पासून बंद झाला. तरी गावच्या दुकानात आजही ‘गॅमेक्सीन द्या’ असे म्हणणारी माणसे आहेत. पुडीतला माल बदलला आहे, नाव आणि सवय तीच. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर मरण पावले, ते कायदा अस्तित्वात असतानाच. घरामागच्या वाडीत फवारा मारताना तर हातमोजे, तोंडाला फडके, वाऱ्याची दिशा यांतले काहीच पाहिले जात नाही, आणि तीच वांगी दुसऱ्या दिवशी भाजीत पडतात. शालेय पोषण आहारासाठी आता शाळाशाळांतून परसबागा केल्या जातात, तिथे मुले अनवाणी वावरतात. त्यामुळे हा प्रश्न शिक्षकांच्या अंगणापर्यंत आलेलाच आहे.

आता जास्वंदीवरच्या पांढऱ्या कापसाकडे वळू. तो कापूस म्हणजे ‘पिठ्या ढेकूण’ नावाची कीड. अंगावर मेणाची पांढरी भुकटी असलेला, झाडाचा रस शोषणारा हा मऊ किडा. त्याच्या अनेक जाती आहेत. आपल्याकडे जास्वंदीवर हमखास सापडणाऱ्या एका जातीचे नाव फेनाकॉकस सोलेनॉप्सिस. नावाचा उत्तरार्ध वाचकांनी ओळखला असेल. १८९८ साली न्यू मेक्सिकोत टिन्स्ले या संशोधकाला हा किडा प्रथम सापडला तो कापसावर नव्हे की जास्वंदीवरही नव्हे, तर जमिनीखाली, सोलेनॉप्सिस मुंग्यांच्या वारुळात, रानटी झुडपांच्या मुळांना चिकटलेला. म्हणून त्याने किड्याला मुंगीचेच नाव दिले. किड्याचे आणि मुंगीचे नाते त्याच्या नावातच कोरले गेले, आणि पुढची नव्वद वर्षे त्याची कोणी फारशी दखल घेतली नाही.

१९९० च्या आसपास तो टेक्ससमध्ये कापसावर आला. २००५ साली पाकिस्तानात त्याने कापसाचे मोठे नुकसान केले, आणि लगेचच पंजाबपासून महाराष्ट्रापर्यंत आपल्याकडेही. नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी कापूस पिकवणाऱ्या ९ राज्यांतल्या ४७ ठिकाणांहून नमुने गोळा केले. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधाचा निष्कर्ष असा की, देशभर कापसावर मुख्यतः हाच परका पिठ्या ढेकूण पसरला आहे. फवारणीचा त्याच्यावर परिणाम कमी, कारण अंगावरच्या मेणावरून पाणी ओघळते आणि पिल्ले सालीच्या फटीत दडतात.

आणि मग, कोणी न बोलावता, मदत आली. २००८ साली दिल्लीत या ढेकणांवर एक बारीक, जेमतेम दीड-दोन मिलिमीटरची काळी माशी आढळली. गांधीलमाशीची अगदी दूरची, धाकटी नातलग. तिची मादी एका ढेकणाच्या अंगात एक अंडे घालते. अळी आतून ढेकूण खाते. ढेकूण फुगून कडक, तांबूस तपकिरी होतो. अशा ढेकणाला कीटकशास्त्रज्ञ ‘ममी’ म्हणतात. शेवटी गोल भोक पाडून त्यातून नवी माशी बाहेर पडते. अलिगढचे प्राध्यापक हयात यांनी २००९ साली या माशीला नाव दिले एनेशियस बंबावालेई. राष्ट्रीय एकात्मिक कीड व्यवस्थापन केंद्राचे संचालक डॉ. ओ. एम. बंबावाले यांच्या सन्मानार्थ. पुढे लक्षात आले की ही माशी आणि गिरॉल्ट यांनी १९१५ साली ॲरिझोनातून वर्णन केलेली माशी एकच. नामकरणाच्या नियमाप्रमाणे जुने नाव टिकते, म्हणून मराठी आडनाव गेले आणि ती एनेशियस ॲरिझोनेन्सिस झाली. किड्याच्या मागोमाग त्याचा शत्रूही, बहुधा त्याच्याच अंगात बसून, समुद्र ओलांडून आला होता. तिच्यामुळे देशभर या किडीचा जोर ओसरायला मोठी मदत झाली.

मग आपल्या जास्वंदीवर हा ढेकूण वर्षानुवर्षे का टिकतो? याचे बरेचसे उत्तर त्या रांगेत आहे. ढेकूण झाडाचा रस पितो आणि जादा साखर गोड चिकट थेंबांच्या रूपाने बाहेर टाकतो. मुंग्या ते थेंब नेतात आणि बदल्यात ढेकणांची राखण करतात. ढालकिड्याची अळी आली तर तिला हुसकतात, बारीक माशी अंडे घालायला उतरली की तिच्या अंगावर धावून जातात. १९६३ साली मायकेल वे यांनी मुंग्या आणि रसशोषक किडी यांच्या या देवघेवीचा तोवरचा पुरावा एकत्र मांडला. चीनमधल्या संशोधकांनी २०१२ साली डंख मारणारी इन्व्हिक्टा आणि हाच पिठ्या ढेकूण यांच्यातले सख्य दाखवले. त्याहून बोलका प्रयोग २०१५ चा आहे. त्यात राखणदार होती टॅपिनोमा, म्हणजे काळसर डोक्याची, फिकट पोटाची, आपल्या ओट्यावर साखरेभोवती जमणारी अतिबारीक मुंगी. ती कोणालाही डसत नाही. पण ती असताना एनेशियस माशीला ढेकणांत अंडी घालणे अवघड गेले आणि जास्त ढेकूण वाचले.

उलट, डसणाऱ्या तांबड्या मुंगीची एक दुसरी बाजू भंडाऱ्यासारख्या धानाच्या मुलुखात सांगायलाच हवी. फिलिपीन्समधल्या भातखाचरांत याच वे यांनी सहकाऱ्यांबरोबर अभ्यास केला आणि १९९८ साली दाखवले की बांधांत वारुळे करून राहणारी सोलेनॉप्सिस जेमिनाटा खाचरात उतरून तपकिरी तुडतुड्यांसारख्या किडी फस्त करते. म्हणजे धुऱ्यावर ती धानाची राखण करते आणि जास्वंदीवर चढली तर ढेकणांची. बीजवाफ्यातले दाणेही पळवते, ते वेगळेच. एकाच मुंगीला एकाच गावात तीन निरनिराळ्या नोकऱ्या!

तेव्हा वाडीत प्रत्यक्ष काय करायचे? तांबड्या मुंग्यांचे वारूळ पायवाटेवर किंवा मुलांच्या खेळण्याच्या जागी असेल तर ते काढावेच. सकाळच्या कोवळ्या उन्हात मुंग्या पृष्ठभागाजवळ असतात, त्या वेळी बादलीभर कढत पाणी सावकाश ओतावे. हे काम मोठ्या माणसाचे, आणि झाडाच्या मुळांपासून लांब. एका वारुळात अनेक राण्या असू शकतात, म्हणून आठ-पंधरा दिवसांनी पुन्हा पाहावे लागते. या मुंगीला उघडी, उन्हाची, खणलेली माती आवडते. वाफ्यांवर पालापाचोळ्याचा थर असला की तिचे बस्तान सहज बसत नाही. झाडावर चढणाऱ्या काळ्या-भुरक्या मुंग्यांसाठी बोरिक आम्लाचे आमिष चांगले. १०० मिलिलिटर पाण्यात दोन चमचे साखर आणि फक्त १ ग्रॅम बोरिक पावडर विरघळवून, त्यात कापसाचा बोळा भिजवून, तो भोके पाडलेल्या बंद डबीत मुंग्यांच्या वाटेवर ठेवायचा. पावडर जास्त घालण्याचा मोह होतो. तसे केले की मुंगी वाटेतच मरते आणि वारुळातली राणी उपाशीसुद्धा राहत नाही. विष मंद हवे, म्हणजे ते तोंडातोंडी आतपर्यंत पोहोचते. डबी लहान मुले आणि जनावरे यांच्यापासून दूर ठेवावी, हे वेगळे सांगायला नको. जास्वंदीवरचे ढेकूण जोरदार पाण्याने धुवावेत, फार झालेले शेंडे छाटून साबणाच्या पाण्यात बुडवावेत. फवारा मारण्यापूर्वी मात्र भिंग घेऊन ममी शोधाव्यात. त्या दिसत असतील तर फवाऱ्याने ढेकणांच्या आधी माशीच मरेल.

वरच्या वर्गातल्या विद्यार्थ्यांना करता येईल असा एक प्रयोग सुचवतो. ढेकूण लागलेल्या जास्वंदीच्या, साधारण सारख्या आकाराच्या सहा फांद्या निवडा. तीन फांद्यांच्या बुडाशी प्लॅस्टिकची पट्टी घट्ट गुंडाळून तिच्यावर ग्रीसचा जाड थर लावा. सालीवर थेट ग्रीस लावू नका, साल खराब होते. पट्टीच्या वर असलेल्या मुंग्या झटकून टाका आणि या फांद्यांना भिंत, दोरी किंवा दुसरी फांदी टेकत नाही ना, ते पाहा. मुंगी असा पूल अर्ध्या तासात शोधते. उरलेल्या तीन फांद्यांना नुसती पट्टी बांधा, ग्रीस लावू नका. मग दर आठवड्याला, शक्यतो एकाच वेळी, प्रत्येक फांदीच्या वरच्या वीतभर भागातले जिवंत ढेकूण, ममी आणि भोक पडलेल्या रिकाम्या ममी वेगवेगळ्या मोजा. रांगेत कोणत्या मुंग्या आहेत तेही लिहा: काळा मुंगळा, अतिबारीक भुरकी, की तांबडी. अंड्यापासून नवी माशी निघेपर्यंत उबदार हवेत दोन आठवड्यांच्या आसपास लागतात, म्हणून पहिल्या आठवड्यातच फरक दिसला नाही तर सोडून देऊ नका. निदान सहा आठवडे मोजत राहा. जोरदार पावसाने ढेकूण धुऊन जातात आणि सगळे आकडे बिघडतात, तेव्हा ऑक्टोबरअखेर पाऊस थांबल्यावर किंवा फेब्रुवारीत सुरुवात केलेली बरी.